कार्यालयीन कामासाठी बेताच्या खर्चातला लॅपटॉप निवडताना

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि माझ्या कामाच्या लॅपटॉपचा प्रश्न हाती घेणे भाग पडले. जुने यंत्र इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालणारे होते. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे रीतसर मार्गाने त्यावर नवी प्रणाली बसणार नव्हती. अटी चुकवून ती बसवण्याच्या युक्त्या आहेत. परंतु ज्या यंत्रात इतरांची बिले, पत्ते आणि बँकेचे तपशील असतात, त्यावर उद्या अद्यतन येईल की नाही याची खात्री नसलेली प्रणाली ठेवणे मला पटले नाही. लिनक्स या विंडोजला पर्यायी प्रणालीचाही मी मनापासून विचार केला. माझे एकटीचे काम असते तर कदाचित तोच मार्ग धरला असता, पण माझ्याकडे बाहेरून येणाऱ्या एक्सेलच्या फायलींमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच) असतात आणि त्या जशाच्या तशा चालवून परत पाठवाव्या लागतात. म्हणून नवे यंत्र घ्यायचे ठरले.

खर्चाची मर्यादा ठरलेली होती. ती वाढवायची नाही, हे मी आरंभीच पक्के केले, कारण लॅपटॉपच्या बाजारात थोडे पैसे वाढवले की थोडे अधिक चांगले यंत्र नेहमीच समोर येते आणि या चढणीला शेवट नसतो. त्या मर्यादेतून मी आधी काही रकमा बाजूला काढल्या: कार्यालयीन सॉफ्टवेअरचा परवाना, माहितीची प्रत ठेवण्यासाठी बाहेरून जोडायची डिस्क आणि वाढीव वॉरंटी. हे खर्च यंत्राच्या किमतीत दिसत नाहीत, पण टळतही नाहीत. उरलेली रक्कम हीच यंत्राची खरी मर्यादा, असे धरून मी पुढे गेले, आणि तेवढ्यानेच पाहायच्या यंत्रांची यादी बरीच आटोपशीर झाली.

यंत्रे पाहण्यापूर्वी मी माझे स्वतःचे काम पाहिले. जुन्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरची, म्हणजे यंत्राचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या विंडोजमधील सोयीची, खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवून मी नेहमीचे काम करत राहिले आणि अधूनमधून आकडे टिपून ठेवले. माझे काम सामान्य कार्यालयीन स्वरूपाचे आहे: पत्रव्यवहार, स्प्रेडशीट, पीडीएफ वाचणे आणि जोडणे, ब्राउझरमध्ये कायम उघडे असणारे पंधरा-वीस टॅब आणि व्हिडिओ बैठका. या सर्वांत प्रोसेसर बहुतेक वेळ जवळजवळ रिकामा बसलेला दिसला. तो चढत असे तो प्रामुख्याने व्हिडिओ बैठकीत स्क्रीन दाखवताना. हार्ड डिस्क मात्र वरचेवर शंभर टक्क्यांवर जाऊन अडकत होती, आणि ८ जीबी रॅम दुपारपर्यंत भरून जात होती.

येथे एका आकड्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर ‘इन यूज’ या आकड्याबरोबर ‘कमिटेड’ हाही एक आकडा असतो. पहिला आकडा प्रत्यक्ष रॅमपैकी किती वापरात आहे ते सांगतो आणि तो बसवलेल्या रॅमच्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे रॅम कमी असेल तर आपली खरी गरज त्यात दिसत नाही. ‘कमिटेड’ हा आकडा सर्व प्रोग्रॅमांना मिळून किती मेमरी देऊ केलेली आहे ते दाखवतो, आणि तो रॅमच्या पलीकडे गेला की उरलेला भार डिस्कवरील पेज फाइलवर, म्हणजे रॅमला पूरक म्हणून राखलेल्या जागेवर, टाकता येतो. माझ्या यंत्रात ८ जीबी रॅम असताना हा आकडा कामाच्या गर्दीत अकरा-बारा जीबीपर्यंत जात होता. डिस्क का गुदमरते याचे उत्तर मला तेथे मिळाले आणि नव्या यंत्रात १६ जीबी रॅम हवी, हा निर्णय माझ्या स्वतःच्या कामाच्या आधाराने झाला. कोणाला त्याच पाहणीत सहा जीबीचा आकडा दिसला, तर त्याचे ८ जीबीत व्यवस्थित भागेल.

त्यानंतर मी लॅपटॉपच्या भागांची विभागणी केली. काही भाग विकत घेतल्यानंतरही बदलता येतात किंवा वाढवता येतात: एसएसडी (हार्ड डिस्कची जागा घेणारी वेगवान साठवण) बहुधा बदलता येते, बॅटरी दुरुस्ती केंद्रातून बदलून मिळते, रॅम काही यंत्रांत वाढवता येते. काही भाग मात्र यंत्र असेपर्यंत जसेच्या तसे सोबत राहतात: प्रोसेसर, पडदा, कळफलक, बिजागऱ्या, जोडणीची छिद्रे. मर्यादित रकमेतील मोठा वाटा या दुसऱ्या गटावर घालायचा आणि पहिल्या गटात आज तडजोड चालवून घ्यायची, हे सूत्र मी ठरवले. पुढची प्रत्येक निवड मी याच कसोटीवर केली.

प्रोसेसरच्या नावांनी बराच वेळ घेतला, आणि तो देणे आवश्यकच होते. माझ्या रकमेत एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन्ही प्रोसेसरांची यंत्रे मिळत होती. नावात दहाचाच फरक दिसतो, म्हणून ती एकमेकांच्या अगदी जवळची असावीत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो: ७५२०यू हा झेन २ रचनेचा, चार कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि आठ थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) प्रोसेसर आहे, तर ७५३०यू हा झेन ३ रचनेचा, सहा कोर आणि बारा थ्रेडचा. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी एलपीडीडीआर५ रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. दोन्ही प्रोसेसरांवर ‘रायझन ५’ हेच लेबल असते आणि विक्रेत्याच्या फलकावर बहुधा तेवढेच लिहिलेले असते. इंटेलच्या बाजूला कोअर आय३-१२१५यू मध्ये दोन वेगवान आणि चार काटकसरी, म्हणजे कमी वीज घेणारे, असे सहा कोर आहेत, आणि माझ्यासारख्या कामाला तो पुरेसा आहे. आय५-१२३५यू मध्ये वेगवान कोर दोनच राहतात, काटकसरी कोर आठ होतात. म्हणजे आय३ ऐवजी आय५ साठी द्यावे लागणारे जादा पैसे मुख्यतः काटकसरी कोरांसाठी जातात, आणि पत्रे लिहिताना किंवा स्प्रेडशीट चालवताना त्याचा लाभ फारसा जाणवत नाही. इंटेलच्या एन१०० सारख्या प्रोसेसरमध्ये चारही कोर काटकसरीच असतात; एका वेळी एकच काम करणाऱ्याला तो चालेल, पण बैठक सुरू असताना मोठी स्प्रेडशीट उघडणाऱ्याने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅमच्या बाबतीत मी किती जीबी आहे एवढेच विचारून थांबले नाही; ती कशी बसवली आहे, हेही विचारले. लॅपटॉपची रॅम तीन प्रकारे येते: पूर्णपणे सोल्डर केलेली, पूर्णपणे स्लॉटमध्ये बसवलेली, किंवा काही सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा ठेवलेली. ८ जीबी सोल्डर केलेल्या आणि स्लॉट नसलेल्या यंत्राची किंमत आकर्षक असते, पण ते यंत्र कायमचे ८ जीबीचेच राहते. तिसऱ्या प्रकारात मात्र ८ जीबीचे यंत्र घेऊन मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी आपण बसवू शकतो, आणि कारखान्यातून १६ जीबी बसवून आलेल्या यंत्रापेक्षा हे मला स्वस्त पडत होते. सोल्डर केलेली रॅम आणि ही पट्टी मिळून मेमरीला दोन मार्ग मिळतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा उपयोग होतो.

ही माहिती विक्रीच्या पानावर क्वचितच मिळते. ती मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे उत्पादकाने प्रसिद्ध केलेले तपशीलपत्रक आणि दुरुस्ती-पुस्तिका. बहुतेक मोठे उत्पादक या पुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात आणि त्यांत यंत्र उघडल्यावर आत काय दिसते, कोणता भाग काढता येतो आणि कोणता येत नाही, हे आकृत्यांसह दिलेले असते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. एकाच मालिकेच्या नावाखाली निरनिराळे पडदे, निरनिराळ्या क्षमतेच्या बॅटऱ्या आणि निरनिराळी रॅम असलेली अनेक यंत्रे विकली जातात. त्यांना वेगळे करणारा असतो तो लांबलचक पार्ट नंबर. म्हणून मी मालिकेचे नाव बाजूला ठेवून प्रत्येक यंत्राचा पार्ट नंबर मागितला आणि त्यावरूनच तुलना केली. एका विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तेव्हा ते यंत्र मी यादीतून काढून टाकले.

साठवणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हार्ड डिस्क नको, ईएमएमसी (स्वस्त यंत्रांतली संथ साठवण) नको, एम.२ प्रकारची, म्हणजे छोट्या पट्टीच्या आकाराची, वेगवान एनव्हीएमई एसएसडी हवी आणि ती बदलता येणारी हवी, एवढेच मी पाहिले. कार्यालयीन कामात एका एनव्हीएमई एसएसडीच्या आणि दुसरीच्या वेगातला फरक हाताला जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो.

पडद्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला, कारण दिवसातले कितीतरी तास नजर तेथेच असते आणि कमी किमतीच्या यंत्रांत सर्वांत जास्त कपात येथेच केलेली असते. १३६६ × ७६८ चा पडदा मी पाहताक्षणीच वगळला. त्यात सुमारे साडेदहा लाख पिक्सेल असतात आणि १९२० × १०८० च्या पडद्यात जवळजवळ त्याच्या दुप्पट. त्यापुढे खरा विचार होता तो १९२० × १०८० आणि १९२० × १२०० यांच्यातला. उंचीत १२० पिक्सेलांची वाढ कागदावर किरकोळ दिसते. एक्सेलमधील ओळीची मूळ उंची २० पिक्सेल असते; म्हणजे मजकुराचा आकार शंभर टक्के ठेवला तर सहा ओळी अधिक दिसतात, आणि सव्वापट केला तरी चार-पाच. तक्त्यात वरखाली सरकत बेरजा ताडून पाहणाऱ्या माणसाला या ओळींची किंमत कळते.

पडदा पाहण्यासाठी मी एक नमुना-फाइल तयार करून नेली होती. तिची रचना माझ्या नेहमीच्या तक्त्यासारखीच होती, पण त्यातली नावे आणि आकडे काल्पनिक होते, कारण कार्यालयाची खरी माहिती प्रदर्शनात ठेवलेल्या यंत्रावर उघडू नये. या फाइलमध्ये काही घरांना मी फिकट पिवळा आणि फिकट राखाडी रंग दिलेला होता. टीएन प्रकारच्या पडद्यावर मान थोडी वर किंवा खाली केली की हे रंग पांढऱ्यात मिसळून जात. आयपीएस पडद्यावर ते कोणत्याही कोनातून वेगळे दिसत. दुकानात मांडलेली यंत्रे सुंदर छायाचित्रे दाखवत असतात आणि गडद, भडक छायाचित्र कोणत्याही पडद्यावर बरे दिसते. आपले पांढरे पान आणि बारीक अक्षरे उघडली की पडद्याची पारख होते. प्रकाशमानतेत मी ३०० निट्सचा आग्रह धरला, कारण माझे टेबल खिडकीजवळ आहे, आणि त्याच कारणाने चकचकीत पडदे नाकारून मॅट पडदा घेतला. रंगांच्या विस्तारात मात्र मी पैसे वाचवले. ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले पडदे रंगांना थोडे फिके दाखवतात. छायाचित्रांवर काम करणाऱ्यासाठी ही मोठी उणीव आहे, माझ्या बिलांना आणि पत्रांना तिचा काही अडथळा होत नाही.

कळफलक तपासायचा तर त्यावर लिहिलेच पाहिजे. त्याच नमुना-फाइलजवळ एक कोरे पान उघडून मी प्रत्येक यंत्रावर दीड-दोन परिच्छेद टंकले. बाण असलेल्या कळांपैकी वर आणि खाली जाणाऱ्या कळा अर्ध्या उंचीच्या असतील तर स्प्रेडशीटमध्ये बोट चुकते. यंत्र बंद करण्याचे बटण डिलीटच्या शेजारी असेल आणि ते इतर कळांइतकेच हलके दाबले जात असेल, तर तेही त्रासाचे ठरते. कळफलकाच्या मध्यभागी दाबले असता पृष्ठभाग वाकतो का आणि टंकताना पडदा थरथरतो का, यावरून बांधणीचा अंदाज येतो. आकड्यांचे काम असल्यामुळे मला १५.६ इंची यंत्रातील स्वतंत्र अंकपट्टीचा मोह झाला. पण अंकपट्टीमुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि पडद्याच्या मध्यासमोर बसून टंकताना दोन्ही हात तिरके राहतात. मी १४ इंची यंत्र निवडले आणि टेबलावर वापरण्यासाठी यूएसबीने जोडायची वेगळी अंकपट्टी घेतली.

नव्या यंत्रांबरोबर मी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली आणि दुरुस्त करून पुन्हा विकली जाणारी, यंत्रेही गंभीरपणे पाहिली. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा व्यावसायिक मालिकांतील, कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली यंत्रे बांधणीत आणि कळफलकात माझ्या रकमेतील नव्या यंत्रांपेक्षा सरस असतात, आणि त्यांतील बऱ्याच यंत्रांची रॅम बदलता येते. अशा यंत्राची बॅटरी तपासण्याची सोय विंडोजमध्येच आहे: कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढता येतो आणि त्यात मूळ क्षमता व आज पूर्ण भरल्यावर उरणारी क्षमता शेजारी दिसतात. मला आवडलेल्या एका यंत्रात ती मूळच्या निम्म्याच्या आसपास आलेली होती. त्याहून महत्त्वाची तपासणी कुलुपांची असते. आधीच्या कंपनीने बायोसला (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) घातलेला पासवर्ड कायम असू शकतो, किंवा यंत्र त्या कंपनीच्या व्यवस्थापन-प्रणालीत नोंदलेले राहून विंडोज नव्याने बसवताना तिचेच खाते मागू शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वी यंत्र इंटरनेटला जोडून प्रणाली पहिल्यापासून बसवून दाखवण्यास सांगावे.

माझ्या बाबतीत पारडे नव्या यंत्राकडे झुकले ते हिशेबाने. रिफर्बिश्ड यंत्राच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च मिळवला आणि काही महिन्यांचीच हमी मिळते हे लक्षात घेतले, तेव्हा बचत फार थोडी उरली. परंतु ज्यांची मर्यादा माझ्याहून कमी आहे त्यांनी हा मार्ग आधी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. अगदी खालच्या किमतीचे नवे यंत्र, ज्यात ४ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि ईएमएमसी साठवण असते, ते नव्याचा वास जाण्यापूर्वीच अपुरे पडते. चांगल्या स्थितीतील आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे जुने व्यावसायिक यंत्र त्याहून कितीतरी चांगली सेवा देते.

शेवटी यादीत दोन यंत्रे उरली. एकात आय५ प्रोसेसर, १६ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि १९२० × १०८० चा २५० निट्सचा पडदा होता. दुसऱ्यात रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी सोल्डर केलेली रॅम, एक मोकळा स्लॉट आणि १९२० × १२०० चा ३०० निट्सचा पडदा. मी दुसरे घेतले. त्याचे यूएसबी-सी छिद्र केवळ माहितीपुरते नसून चार्जिंग आणि बाहेरचा पडदा या दोन्हींसाठी चालते, हे मी पुस्तिकेत पाहिले होते. दिसायला सारखीच असलेली ही छिद्रे कामात सारखी असतीलच असे नाही. बॅटरी ४७ वॉट-तासांची आहे. माझे काम सरासरी सात वॉट घेईल असे धरले तर ती पावणेसात तासांच्या आसपास चालावी, असा माझा हिशेब होता, आणि व्हिडिओ बैठक नसलेल्या दिवशी ती जवळजवळ तेवढी चालते. विंडोजची होम आवृत्ती मी पुरेशी मानली, कारण आमच्याकडे डोमेन (कार्यालयातली सर्व यंत्रे एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) नाही आणि या यंत्रावर दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने कोणी येत नाही.

यंत्र हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याच्या आत मी सर्व तपासण्या उरकल्या. तळाच्या चिकटपट्टीवरील पार्ट नंबर पावतीशी जुळवला. बॅटरीचा अहवाल काढून पूर्ण क्षमता मूळ क्षमतेइतकी आहे ना, ते पाहिले. पडदा एकेका रंगाने भरून मृत पिक्सेल शोधले, प्रत्येक छिद्रात काहीतरी जोडून बघितले. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, तो दोष नव्हे. उत्पादक आणि विंडोज जीबी निरनिराळ्या रीतीने मोजतात, एवढेच त्याचे कारण आहे. डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय, सुरू आहे हे दिसल्यावर त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांब आकडा) मी कागदावर उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवली, कारण मदरबोर्ड बदलावा लागला तर त्या कीशिवाय माहिती परत मिळत नाही.

रॅमची पट्टी सर्वांत शेवटी बसवली. आपण झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे उत्पादकाच्या वॉरंटीपत्रात वाचून आणि सेवा केंद्राला विचारून खात्री केली, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आधी बायोसमधून बॅटरीचा पुरवठा बंद केला आणि मग स्क्रू काढले. आता कामाच्या गर्दीत ‘कमिटेड’ आकडा पूर्वीसारखाच अकरा-बारा जीबीपर्यंत जातो, पण डिस्कचा आलेख त्या वेळी तळाशीच राहतो आणि बैठक सुरू असतानाही तक्ता लगेच उघडतो.